येशूचा काळ आणि मीडसाहेबांचा ग्रंथ

जुन्या पिढींतल्या सुशिक्षित घरांचीं पुस्तकांचीं कपाटें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना थिऑसफीचीं पांचपंचवीस पुस्तकें हटकून आढळलीं असतील. यांत नवल नाहीं. ब्लाव्हाट्स्कीबाई व कर्नल ऑल्कॉट हीं १८७९ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरलीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांचें मासिक मुंबईंतूनच निघूं लागलें. आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला बिऱ्हाड हलेपर्यंत या मंडळीचें मुख्य ठाणें मुंबईंतच होतें. पुढें बेझंटबाईंचीं पुस्तकें आलीं, आणि त्यांच्या "एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी" या १९०१ सालच्या पुस्तकांतून एक विधान पुष्कळांच्या कानीं पडलें. तें हें कीं, येशूचा जन्म सर्व जग मानतें त्या वेळीं झालाच नाहीं, तो इ. स. पू. १०५ या वर्षीं झाला. विधान बेझंटबाईंच्या नेहमींच्या ठसक्याचें आहे. वर्ष दिलें आहे, त्या वर्षीं रोमचे कॉन्सल कोण होते त्यांचीं नांवें दिलीं आहेत. आधार मात्र सामान्य वाचकाला उघडून पाहतां येण्यासारखा नव्हता. गूढ विद्येच्या बळानें वाचावयाचे जे लेख म्हणून सांगतात, त्यांतला तो होता.

असल्या विधानाशीं वाद घालतां येत नाहीं. तें मानावें किंवा सोडून द्यावें. परंतु दोनच वर्षांनीं, १९०३ सालीं, बेझंटबाईंच्याच मंडळींतील जी. आर. एस. मीड यांनीं या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि प्रश्न वादाच्या मैदानांत आणून ठेवला. मीड हे केंब्रिजला शिकलेले व जुन्या ग्रंथांत मुरलेले गृहस्थ. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या अखेरच्या वर्षांत ते त्यांचे चिटणीस होते, आणि "पिस्तिस सोफिया" या प्राचीन गूढपंथी ग्रंथाचें भाषांतर त्यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें होतें. त्यांच्या या ग्रंथाचें नांवच प्रश्नार्थक आहे: येशू ख्रिस्तपूर्व शंभर वर्षें होऊन गेला काय? हा प्रश्न आपणांस सुचला तो अतींद्रिय दृष्टि लाभलेल्या स्नेह्यांच्या बोलण्यावरून, हें त्यांनीं लपविलेलें नाहीं. पण त्या दृष्टीवर हवाला ठेवून ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं पोथ्या उघडल्या, आणि यासाठींच त्यांचा ग्रंथ परीक्षणास पात्र आहे. त्याला शंभरावर वर्षें लोटलीं, तरी त्यांतला मुद्दा मेलेला नाहीं; दर पिढींत कोणीतरी त्याला नवा अंगरखा चढवून उभा करतो. तेव्हां मुळाचाच समाचार घेणें बरें.

कोणी म्हणेल, येशू शंभर वर्षें अलीकडे झाला कीं पलीकडे, आम्हां मराठी वाचकांना त्याचें सोयरसुतक काय? सोयरसुतक आहे, आणि तें जुनें आहे. १८६९ सालीं लोरिन्सर नांवाच्या जर्मन पंडितानें गीतेचें भाषांतर केलें, आणि तिच्यांतील विचार नव्या करारांतून उचलले आहेत असें वचनाशेजारीं वचन मांडून दाखविण्याचा खटाटोप केला. त्याला उत्तर दिलें काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं, गीतेच्या आपल्या १८७५ सालच्या इंग्रजी पद्य भाषांतराच्या प्रस्तावनेंत. तें उत्तर रागाचें नव्हतें, पुराव्याचें होतें. नुसत्या साम्यानें ऋण सिद्ध होत नाहीं. आधीं कोण, नंतर कोण, आणि एकाचें दुसऱ्यापर्यंत पोंचलें कसें, हें कालाच्या हिशोबानें दाखवावें लागतें, हा त्या वादाचा कणा. पुढें टिळकांनींही गीतारहस्याच्या परिशिष्टांत गीता आणि ख्रिस्ती बायबल यांच्या संबंधाला स्वतंत्र भाग दिला. कालनिर्णय ही आमच्याकडे नुसती पंडितांची करमणूक कधींच नव्हती.

आतां गंमत अशी कीं, मीड यांच्या पक्षाकडे आमच्यांतील पुष्कळांचें मन आपोआप झुकतें. पाद्र्यांनीं आमच्या देवांची जी टवाळी केली तिची आठवण घराघरांतून अजून बुजलेली नाहीं. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ज्या पक्षाशीं विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनीं वाद घातला, त्या पक्षाचा पायाच जर शंभर वर्षें सरकलेला निघाला, तर कोणाला गुदगुल्या होणार नाहींत? शिवाय काळाचा खुंटा एकदां उपटला कीं गाय कोठेंही नेऊन बांधतां येते. नोटोविच नांवाच्या रशियन प्रवाशानें १८९४ सालीं येशूला हिंदुस्थानांत शिकावयास धाडलें, आणि लडाखच्या हेमिस मठांत तशी पोथी आपण पाहिल्याचें लिहिलें. पुढें तेथें चौकशीस गेलेल्या गृहस्थाला मठाधिपतीनें अशी पोथी नसल्याचें सांगितलें. बाबाराव सावरकरांनीं १९४६ सालीं "ख्रिस्तपरिचय" लिहून येशूला हिंदूच ठरविलें. या मतांचा विचार येथें करावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, लोरिन्सरपुढें तेलंगांनीं जें माप धरलें तें आपल्या सोयीच्या वेळीं गुंडाळून ठेवतां येणार नाहीं. त्याच मापानें मीड यांचा पुरावा मोजूं.

त्यांचा मुख्य साक्षीदार म्हणजे यहुद्यांचा तालमूद. बाबिलोनी तालमुदांत एक कथा आहे. यन्नै राजा (इतिहासांतला अलेक्झांडर यन्नै, कारकीर्द इ. स. पू. १०३ ते ७६) शास्त्र्यांची कत्तल करूं लागला, तेव्हां यहोशवा बेन पेरह्या नांवाचा गुरु आपल्या शिष्यासह इजिप्तांतील अलेक्झांड्रियास पळाला. यरुशलेमांत स्वस्थता झाल्यावर त्याला परतण्याचा निरोप आला. वाटेंत एका उतारशाळेंत दोघांचा उत्तम आदरसत्कार झाला, तेव्हां गुरु सहज म्हणाला, किती चांगली ही उतारशाळा! मूळ भाषेंत जो शब्द आहे त्याचा अर्थ उतारशाळा असाही होतो आणि ती चालविणारी बाई असाही होतो. शिष्यानें दुसरा अर्थ घेतला आणि बाईच्या बारीक डोळ्यांचें व्यंग काढलें. गुरु संतापला. असल्या गोष्टींकडे तुझें लक्ष काय, म्हणून त्यानें चारशें शिंगें फुंकवून शिष्याला वाळींत टाकलें. शिष्य पुनःपुनः क्षमा मागावयास येई, गुरु दाद देईना. शेवटीं एके दिवशीं तो आला त्या वेळीं गुरु नित्याची प्रार्थना म्हणत होता. आज याला पदरांत घ्यावें असें त्याच्या मनांत आलें होतें. पण मध्यें बोलतां येईना, म्हणून हातानें खूण केली कीं, थांब. शिष्याला वाटलें, हा आजही हाकलतोच आहे. तो निघून गेला आणि त्यानें एक वीट मांडून तिची पूजा आरंभिली.

(विटेचें नांव निघतांच आमच्या वाचकांना दुसरेंच कांहीं आठवेल, तो मोह आवरावा.)

या शिष्याचें नांव जुन्या हस्तलिखितांत येशू असें आहे. छापील प्रतींतून अशीं नांवें ख्रिस्ती तपासनिसांच्या कात्रीनें गेलीं. बाझल येथें १५७८ ते १५८१ या वर्षांत निघालेली आवृत्ति त्या कात्रीसाठीं प्रसिद्धच आहे. शंभर वर्षांच्या पक्षाचा युक्तिवाद असा कीं, यहुदी शास्त्र्यांना येशूची निंदा करावयाची होती हें खरें धरलें, तरी निंदेसाठीं काळ बदलण्याचें त्यांना कारण काय? पिलाताच्या काळांतच ती करतां आली असती. ज्या अर्थीं ते त्याला यन्नैच्या काळांत ठेवतात, त्या अर्थीं ती जुनी आठवण असली पाहिजे. युक्तिवाद वरवर पाहतां भारदस्त आहे, आणि मीड यांनीं तो प्रामाणिकपणें मांडला आहे.

परंतु हीच कथा पॅलेस्टाइनच्या तालमुदांतही आहे, आणि त्या तालमुदाची जुळणी बाबिलोनी तालमुदाच्या आधीं, साधारण इ. स. ४०० च्या सुमारास झाली. तेथें गुरु निराळा आहे: यहूदा बेन तब्बै. तो पळाला तो राजाच्या भयानें नव्हे, तर लोक आपल्या गळ्यांत मुख्य पद घालूं पाहतात म्हणून. अलेक्झांड्रिया आहे, आदरसत्कार करणारी बाई आहे, तिच्या डोळ्याचें व्यंग आहे, गुरूचा संताप आहे. वीट नाहीं. आणि शिष्याला नांवच नाहीं. तो "एक शिष्य" आहे. जुन्या पाठांत जो निनांवी होता त्याला नव्या पाठांत नांव मिळालें, हें काय झालें तें पोथ्या हाताळणाऱ्यांना सांगावयास नको. बाबिलोनी पाठांतही कथेचा रोख शिष्यावर नाहीं, गुरूवर आहे. डाव्या हातानें लोटावें पण उजव्यानें जवळ घ्यावें, हें शिकविण्यासाठीं ती सांगितली आहे. ज्या गुरूनें दोन्ही हातांनीं लोटलें त्याच्या हातून केवढा अनर्थ झाला, हें दाखविण्यासाठीं सर्वांत मोठा बिघडलेला शिष्य पाहिजे होता, आणि बाबिलोनांतल्या कथेकऱ्याला येशूपेक्षां मोठा कोण मिळणार? सन त्यानें पाहिला नाहीं, कारण सन सांगणें हें त्याचें काम नव्हतें.

आणि तालमुदाचा सन प्रमाण मानावयाचाच ठरविला तर तो एकच आहे काय? त्याच बाबिलोनी तालमुदांत दुसऱ्या ठिकाणीं बेन स्तादा किंवा बेन पंदेरा नांवाच्या पुरुषाची चर्चा आहे. त्याची आई मिर्याम, आणि तिचा नवरा पप्पोस बेन यहूदा, असें तेथें म्हटलें आहे. हाही येशूच, असें मीड व त्यांच्यासारखे बरेच जण मानतात. आतां हा पप्पोस रब्बी अकिबाच्या काळांतला. आणि अकिबा रोमनांच्या हातून मेला तो इ. स. १३५ च्या सुमारास. म्हणजे एका पानावर येशू यन्नै राजाच्या वेळीं शिकत आहे, आणि दुसऱ्या पानावर त्याच्या आईचा नवरा त्यानंतर दोनशें वर्षांनीं हयात आहे! पहिलें पान आठवण आणि दुसरें पान घोटाळा, असें कोणत्या न्यायानें म्हणावयाचें? हा न्याय मीड यांच्या ग्रंथांत आम्हांला सांपडला नाहीं.

दुसरा साक्षीदार एपिफानियस. हा सायप्रस बेटांतील सलमीस येथला बिशप. पाखंडमतांच्या खंडनाचा त्याचा ग्रंथ इ. स. ३७५ च्या सुमाराचा. यहुदी राजांची परंपरा अलेक्झांडर यन्नैपर्यंत चालली आणि ख्रिस्त आल्यावर तें राजपद त्याच्याकडे गेलें, अशा अर्थाचीं वाक्यें त्यानें लिहिलीं आहेत. त्यावरून येशूला यन्नैच्या शेजारीं बसविणारी परंपरा ख्रिस्ती लोकांतही होती, असा निष्कर्ष काढतात. पण बिशपमहाशय तेथें इतिहास लिहीत नाहींत. यहूदाच्या वंशांतलें राज्य खरा धनी येईपर्यंत सुटणार नाहीं, असें जें उत्पत्तीच्या पुस्तकांतलें जुनें भविष्य, तें जुळवून दाखविण्याची त्यांना घाई झाली आहे; हेरोद परका, म्हणून मध्यली सांखळी त्यांना नकोशी आहे. सन सांगण्याची वेळ आली तेव्हां त्याच ग्रंथांत त्यांनीं येशूचा जन्म ऑगस्टसाच्या बेचाळिसाव्या वर्षीं घातला आहे. साक्षीदाराचें एक वाक्य घ्यावयाचें आणि त्याच्याच तोंडचें दुसरें विसरावयाचें, हें कोणत्याही कचेरींत चालत नाहीं. "तोल्दोथ येशू" या नांवानें फिरणाऱ्या मध्ययुगीन निंदाकथांबद्दल तर इतकेंच पुरे कीं, त्यांत यन्नैची राणी म्हणून जी हेलेना येते तसल्या नांवाची त्याची राणी नव्हती. त्याच्या राणीचें नांव सलोमे अलेक्झांड्रा.

येथपर्यंत आम्हीं मीड यांचे साक्षीदार तपासले. परंतु दुसऱ्या पक्षाचे तपासल्याखेरीज न्याय होत नाहीं, आणि तेही कांहीं धुतल्या तांदळासारखे नाहींत. मत्तयाच्या मतें येशू जन्मला तो हेरोद राजाच्या हयातींत. हेरोद मेला इ. स. पू. ४ मध्यें. लूक म्हणतो, जन्म झाला तो क्विरीनियाच्या खानेसुमारीच्या वेळीं. आणि योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या लेखावरून ती खानेसुमारी इ. स. ६ मध्यें, हेरोदाच्या मुलाला पदच्युत करून यहूदिया रोमनांनीं खालसा केल्यावर झाली. दोहोंत दहा वर्षांचें अंतर. हें अंतर बुजविण्यासाठीं भाविक पंडितांनीं क्विरीनियाला एकदांच्या ऐवजीं दोनदां सुभेदार करून पाहिला, पण त्याला आधार नाहीं. राहतां राहिला आपल्या सर्वांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतला सन. तो ठरविला रोम येथील डायोनिसियस नांवाच्या संन्याशानें, इ. स. ५२५ मध्यें, ईस्टरचे तक्ते करतांना. आणि त्याचा हिशोब चुकला. म्हणूनच ख्रिस्त ख्रिस्तापूर्वीं चार किंवा अधिक वर्षें जन्मला, असें हास्यास्पद वाक्य विद्वानांना गंभीर चेहऱ्यानें लिहावें लागतें.

याचाच फायदा घेऊन म्हणतात, पाहा, यांचें यांनाच ठाऊक नाहीं. परंतु दहा वर्षांचा घोळ आणि शंभर वर्षांचा घोळ हे एका जातीचे नव्हत. खेड्यांतल्या सुताराच्या घरीं मूल झालें, त्याची नोंद कोण ठेवणार? शिवाजीमहाराजांसारख्या पुरुषाचें जन्मवर्ष १६२७ कीं १६३० यावर आमच्याकडे किती शाई खर्च झाली, आणि जेधे शकावली मिळाली नसती तर आणखी किती झाली असती! म्हणून कोणी महाराजांना बहामनी अमदानींत नेऊन बसविलें नाहीं. येशूच्या जन्माविषयीं चार शुभवर्तमानें एकमुखी नाहींत, मृत्यूविषयीं आहेत. पंतय पिलात सुभेदार असतांना. आणि पिलाताची सुभेदारी इ. स. २६ ते ३६. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती मंडळीचा मित्र नव्हे; नीरोच्या काळच्या ६४ सालच्या आगीची हकीकत लिहितांना त्यानेंही तिबेरियाची कारकीर्द आणि पिलाताचा हुकूम हेच सांगितलें आहे. त्यानें पिलाताचा हुद्दा मात्र आपल्या काळच्या चालीप्रमाणें लिहिला. खरा हुद्दा "प्रीफेक्ट" होता, हें कैसरिया येथें १९६१ सालीं सांपडलेल्या शिळेवरून कळलें.

तरीही कोणी हट्टानें म्हणेल कीं, शुभवर्तमानें मागाहून लिहिलेलीं, टॅसिटस त्याहून मागचा. त्यांनीं ऐकीव सांगितलें. मान्य. मग त्यांच्या आधींचा लेख पाहूं. नव्या करारांतील सर्वांत जुने लेख म्हणजे शुभवर्तमानें नव्हेत, तर पौलाचीं पत्रें. आणि मीड यांच्या मताचा निकाल, आमच्या समजुतीप्रमाणें, पौलानें येशूविषयीं जें मोठें मोठें सांगितलें त्यांत नाहीं. तो एका घरगुती उल्लेखांत आहे.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल आपली बाजू मांडीत आहे. मी यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांचा शिकवलेला चेला नव्हे, हें त्याला ठसवावयाचें आहे. म्हणून आपण त्यांना किती थोडे भेटलों तें तो मोजून सांगतो. तीन वर्षांनीं यरुशलेमास गेलों, केफाकडे पंधरा दिवस राहिलों, दुसऱ्या कोणाला पाहिलें नाहीं. पाहिलें तें एका याकोबाला, म्हणजे प्रभूच्या भावाला. खोटें बोलत नाहीं, अशी तेथेंच शपथ. या उल्लेखांत येशूचा सन सांगण्याचा पौलाचा उद्देश नव्हता, येशूला भाऊ होता हें सिद्ध करण्याचा तर मुळींच नव्हता. उलट ही भेट त्याला अडचणीचीच होती, कारण ती त्याच्या स्वतंत्रपणाला बाध आणते. ती कबूल करावी लागली म्हणून त्यानें केली. साक्षीपुराव्यांत असल्या कबुलीचें मोल काय असतें, तें ज्यांच्या घरांत एक तरी वकील आहे त्यांना ठाऊक आहे.

आतां पौलाचा काळ. तो चार बाजूंनीं बांधलेला आहे. दमास्कसांत अरेतास राजाच्या अधिकाऱ्यानें धरूं नये म्हणून आपण टोपलींत बसून तटावरून उतरलों, असें तो स्वतः करिंथकरांस लिहितो. हा अरेतास नबाती लोकांचा राजा, मेला इ. स. ४० च्या सुमारास. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला करिंथ येथें गल्लियो सुभेदारापुढें उभें केल्याचें लिहिलें आहे. आणि या गल्लियोचें नांव असलेला क्लौदिय बादशहाचा लेख ग्रीस देशांत देल्फी येथें मिळाला, त्यावरून गल्लियोची सुभेदारी इ. स. ५१-५२ ची ठरली. या लेखाचे तुकडे फ्रेंच पंडित बूर्गे यांनीं उजेडांत आणले ते १९०५ सालीं, म्हणजे मीड यांच्या ग्रंथानंतर दोन वर्षांनीं. तेव्हां हा पुरावा त्यांनीं पाहिला नाहीं असा ठपका त्यांच्यावर ठेवणें अन्यायाचें होईल. पण त्यांचें मत आज उचलून धरणाऱ्यांना ती सबब नाहीं. याकोबाविषयीं योसेफसही लिहितो: फेस्तस सुभेदार मेला आणि अल्बिनस पोंचावयाचा होता त्या मधल्या काळांत, इ. स. ६२ मध्यें, हनान या मुख्य याजकानें याकोबाला मारविलें. आणि हा याकोब कोणता, तें ओळखूं यावें म्हणून त्याला तो ख्रिस्त म्हणविणाऱ्या येशूचा भाऊ म्हणतो. योसेफसाच्या अठराव्या भागांतील येशूविषयींच्या उताऱ्यांत ख्रिस्ती नकलनविसांनीं भर घातली आहे, हें आतां बहुतेक सर्वत्र मान्य आहे. विसाव्या भागांतल्या या ओझरत्या उल्लेखांत मात्र भक्तीचा वासही नाहीं.

आतां बेरीज करून पाहावी. येशू इ. स. पू. १०५ मध्यें जन्मला असला, आणि त्याचा धाकटा भाऊ त्याहून पंचवीस वर्षांनीं लहान धरला, तरी पौलाला तो भेटला तेव्हां तो शंभरी ओलांडून गेलेला, आणि ६२ मध्यें त्याला मारलें तेव्हां एकशेंचाळिसांच्या घरांत! वसईगोव्याकडील आमचे कॅथलिक वाचक म्हणतील, तो सख्खा भाऊ नव्हे, संत जेरोमनें म्हटल्याप्रमाणें मावसभाऊ. असेना, मावसभाऊही दीडशें वर्षें जगत नाहींत. आणि सर्वांत मौजेची गोष्ट मीड यांच्याच साक्षीदाराची. एपिफानियसाच्या मतें हे भाऊ म्हणजे योसेफाच्या पहिल्या बायकोचीं मुलें, अर्थात् येशूहून वडील. या हिशोबानें याकोब मरतेसमयीं एकशेंसहासष्ट वर्षांहूनही मोठा होता, असें मानावें लागेल.

यांतून सुटण्याची एकच वाट उरते, आणि तिनें पुष्कळ गेले: येथें "भाऊ" म्हणजे धर्मबंधु, जसे ख्रिस्ती लोक एकमेकांना म्हणतात तसा. पण मग केफा कोण? तो धर्मबंधु नव्हता काय? पौल त्याच ओळींत दोघांचीं नांवें घेतो आणि ओळख देतो ती एकाचीच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रांतही इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा अशी निरनिराळी गणना त्यानें केली आहे. सगळेच भाऊ असतां कांहींनाच भाऊ म्हणावयाचें, याला शब्दाचा अर्थ लावणें म्हणत नाहींत, शब्दाची वाट लावणें म्हणतात.

मीड यांच्या मागून आलेल्यांविषयीं थोडें. १९४७ पासून मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहांतून जुन्या गुंडाळ्या मिळूं लागल्या. त्यांत "सद्धर्माचा गुरु" म्हणून एका छळ सोसलेल्या पुरुषाचा निर्देश आहे, आणि त्याचा काळ पंडितांनीं येशूपूर्वीं शंभर-दीडशें वर्षें लावला. झालें, शंभर वर्षांच्या मताला पुनः पालवी फुटली. १९९९ सालीं स्वीडनमधील भाषापंडित एलेगोर्ड यांनीं हा गुरु हाच मूळचा येशू असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलें. परंतु या गुंडाळ्यांत त्या गुरूचें नांव नाहीं, क्रूस नाहीं, पिलात नाहीं. त्याचे अनुयायी शुद्धाशुद्धतेचे व शब्बाथाचे नियम इतके कडक पाळणारे, कीं जकातदारांच्या पंक्तीला बसणाऱ्या येशूला त्यांनीं दारांतही उभें केलें नसतें. दोघे एका भूमींतले आणि एका ग्रंथावर वाढलेले, म्हणून तोंडावळा सारखा दिसतो. लोरिन्सरलाही असाच तोंडावळा दिसला होता.

मग मीडसाहेबांचा ग्रंथ टाकाऊ ठरला काय? आमच्या मतें नाहीं. विखुरलेला मजकूर त्यांनीं एके ठिकाणीं आणला, विरुद्ध पुरावा दडविला नाहीं, आणि शेवटींही "होय" असें छातीठोक न म्हणतां प्रश्न उघडा ठेवला. बेझंटबाईंच्या निश्चयापुढें हा संयम शोभून दिसतो. (१९०९ सालीं त्यांनीं त्या मंडळीचा निरोप घेतला, त्यालाही हाच स्वभाव कारण झाला असावा.) ज्याला तो वाचावयाचा असेल त्यानें ट्रॅव्हर्स हर्फर्ड यांचें त्याच साली, १९०३ मध्यें, निघालेलें तालमुदांतील ख्रिस्ती उल्लेखांवरचें पुस्तक शेजारीं ठेवावें, आणि पेटर शेफर यांचें २००७ सालचें "जीझस इन द तालमूद" अवश्य पाहावें. हे उल्लेख म्हणजे येशूच्या काळची आठवण नसून, शुभवर्तमानें ठाऊक असलेल्या पुढच्या काळांतील शास्त्र्यांनीं त्यांना दिलेलें जाणूनबुजून उत्तर आहे, असें शेफर दाखवितात. आणि तें बहुतांशीं पटतें.

खरा वाद उरतो तो मृत्युवर्षाचा. लूकाच्या मतें योहान बाप्तिस्मा देणारा तिबेरियाच्या पंधराव्या वर्षीं पुढें आला, तें इ. स. २८-२९. येशू शुक्रवारीं मेला यावर चारही शुभवर्तमानांचें एकमत. तो शुक्रवार वल्हांडणाच्या पूर्वतयारीचा दिवस, असें योहानाचें म्हणणें, तर इतर तिघांच्या मतें वल्हांडणाचें जेवण आदल्या रात्रीं झालेलें. योहानाचें धरलें तर चंद्राच्या गणितावरून दोन तारखा जुळतात: ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. दुसऱ्या तारखेस चंद्रग्रहण होतें, म्हणून कांहीं ज्योतिर्विदांचा तिच्यावर लोभ. आम्हांस पहिली अधिक संभवनीय वाटते, आणि कारण पुनः पौलच आहे: धर्मांतरानंतर तीन वर्षें, मग चौदा वर्षें, मग यरुशलेमची दुसरी भेट, आणि त्यानंतर करिंथास जाऊन ५१-५२ मध्यें गल्लियोपुढें उभें राहणें. ३३ पासून मोजूं लागलें म्हणजे हीं वर्षें दाटीवाटीनें बसतात. ३० पासून मोजलीं तर बसावयास जागा मिळते.